नाताळबाबाच्या तोंडाला कुठला रंग लावायचा?

नमस्कार बाई. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना पण कळेल. तासगाव भागातल्या शाळेत तुम्ही तिसरीला शिकवता, २४ डिसेंबरला नाताळचा कार्यक्रम आहे, आणि सांताक्लॉज व्हायला वर्गातला एक पोरगा उड्या मारतोय. आवाज खणखणीत, स्टेजची भीती नाही, पाठांतर पक्कं, फक्त रंगानं चांगला काळा आहे. त्यावरून स्टाफरूममध्ये दोन मतं पडली. एकजण म्हणतात सांता गोरा असतो, तर याला गोरा बेस, म्हणजे तोंडभर लावायचा रंगाचा पहिला थर, लावून गाल गुलाबी करा, नाहीतर दुसरा पोरगा घ्या. दुसरे म्हणतात असा रंग लावणं म्हणजे वर्णभेद, हॉलंडमध्ये यावरून मोठी भांडणं झाली, तेव्हा सांताच रद्द करा. तुम्ही विचारलंय की मेकअपवाल्याच्या नजरेतून यात बरोबर काय, आणि करायचं ठरलं तर कसं करायचं. शिवाय गॅदरिंगमधल्या कृष्णाला निळा लावला तर चालतो का, हेही विचारलंय.

मी सांगलीत रंगभूषा करतो, ३४ वर्षं झाली. हौशी नाटकं, स्पर्धा, गावोगावची गॅदरिंग, जत्रेतली सोंगं, सगळं केलं. माझं उत्तर एका ओळीचं आहे. पोराला घ्या, आणि त्याच्या तोंडाला कातडीचा रंग बदलणारं काहीही लावू नका. दाढी लावा, टोपी घाला, पोटाला उशी बांधा, झाला नाताळबाबा. पण नुसतं एवढं सांगून तुमच्या स्टाफरूममधला वाद मिटायचा नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझ्या धंद्याचं बोलतो. काळ्या कातडीवर गोरा बेस बसत नाही. आपल्याकडं मिळणाऱ्या फिकट बेसमध्ये पांढरा रंगच जास्त, तो सावळ्या तोंडावर चढला की गोरेपणा येत नाही, राख फासल्यासारखं करडं दिसतं, मग ते झाकायला वर गुलाबी, मग अजून पावडर, आणि शेवटी स्टेजच्या लाइटखाली ते पोरगं आजारी दिसतं. बरं तोंडाला लावला तर कानाचं काय, मानेचं काय, मनगटाचं काय? टोपी जरा सरकली की कपाळावर रेघ दिसते. पालक पुढच्या रांगेत मोबाईल धरून बसलेले असतात, त्या फोटोत ती रेघ कायमची राहते. म्हणजे नुसतं काम म्हणून बघितलं तरी ते वाईट काम आहे.

पण मी ते अनेक वर्षं केलंय. ते सांगतो.

साधारण १९९७ ची गोष्ट. कृष्णाकाठच्या एका गावात शाळेचं गॅदरिंग होतं, त्यात दहीहंडीचा डान्स, कृष्ण झालेला पोरगा सात वर्षांचा. दिसायला गोड, डोळे टपोरे, रंग काळा. तिथल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जरा उजळ करा, पुढं पाहुणे बसणार आहेत. मी सफेद्यात, म्हणजे पांढऱ्या रंगात, गुलाबी कालवून तोंड रंगवलं, वर मोरपीस, कपाळाला टिळा. पोरानं आरशात बघितलं आणि एकदम गप्प झाला. मग स्वतःच्या हाताकडं बघितलं आणि म्हणाला, "हाताला पण लावा की." मी कोपरापर्यंत लावला. मग म्हणाला, "पायाला?" घोट्यापर्यंत लावला. मग त्यानं पितांबर थोडा वर करून गुडघा दाखवला, काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडं बघत राहिला. तेवढ्यात नाव पुकारलं म्हणून तो पळाला. डान्स झाल्यावर मी खोबरेल घेऊन रंग उतरवायला हाक मारली तर हा विंगेच्या पडद्यामागं जाऊन लपला. आई आली, म्हणाली राहू दे दादा, आजीला दाखवायचाय म्हणतोय. पुढच्या आठवड्यात बाजारात ती माऊली भेटली तेव्हा कळलं की पोरानं दोन दिवस तोंड धुऊ दिलं नाही, कानाखाली पुरळ उठलं, आणि शेवटी धुतल्यावर तो रडला तो काही पुरळासाठी नव्हता रडला.

त्या पोराला मी काय शिकवलं होतं? की तुला देव व्हायचं असेल तर तुझी कातडी चालणार नाही. आणि हे कुणाच्या नावानं, तर कृष्णाच्या, ज्याच्या नावाचा अर्थच काळा. ज्या नदीचं पाणी पिऊन आम्ही वाढलो तिचं नाव कृष्णा. महाबळेश्वरात उगम, वाई, कराड, सांगली, सगळी आपली गावं तिच्यावर. शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो. साताऱ्यात मांढरदेवीला जाऊन आपण काळूबाईच्या पाया पडतो. पंढरीचा विठोबा काळ्या दगडाचा, आणि त्याला सावळा म्हणताना वारकऱ्याचा गळा भरून येतो. एवढं सगळं असून गॅदरिंगमधला कृष्ण मात्र आपल्याला गोरा लागतो, म्हणजे वर्गातलं सगळ्यात उजळ पोर. द्रौपदीचं सुद्धा दुसरं नाव कृष्णाच, व्यासांचं पण कृष्ण द्वैपायन. हे पुस्तकात शिकवणारे आपणच आणि निवड करताना विसरणारेही आपणच.

आता सांताकडं येतो. "सांता गोरा असतो" हे जे तुमचे सहकारी म्हणतात त्यात त्यांची चूक नाही, त्यांनी चित्रं तशीच बघितलीत. पण ती चित्रं कुठून आली ते बघा. मूळ माणूस संत निकोलस, चौथ्या शतकातला बिशप, गाव मायरा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देमरे, भूमध्य समुद्राच्या काठावर. बर्फ नाही, हरणाची गाडी नाही. त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट तर आपल्या पालकसभेत सांगण्यासारखी आहे. एका गरीब बापाला तीन पोरी, हुंड्याला पैसे नाहीत म्हणून लग्नं अडलेली, पोरी वाईट मार्गाला लागायची वेळ आलेली, तर यानं रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या. गुपचूप भेट द्यायची पद्धत तिथून आली असं मानतात. १०८७ साली इटलीतल्या खलाशांनी त्याच्या अस्थी उचलून बारी नावाच्या गावी नेल्या. १९५० च्या दशकात त्या अस्थींची मापं घेतली गेली, पुढं त्यावरून संगणकावर चेहरा तयार केला, तर नाक मोडून वाकडं बसलेलं निघालं. रंग काय हाडावरून कळत नाही, तो त्या भागातल्या लोकांवरून धरला, गव्हाळ. आमच्या धंद्यातल्या माणसानं तो चेहरा बघितला तर पहिल्यांदा म्हणेल की हा तर आपल्या मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी शोभतो.

मग हा गोरा, लाल गालाचा, ढेरपोट्या म्हातारा कुठून आला? हॉलंडचे, म्हणजे डच, लोक संत निकोलसला सिंटरक्लास म्हणतात, तो अमेरिकेत गेला, तिथं १८२३ साली छापलेल्या एका कवितेनं त्याला गुबगुबीत केलं, आठ हरणं दिली, १८६३ पासून थॉमस नॅस्ट नावाच्या व्यंगचित्रकारानं साप्ताहिकात त्याची चित्रं काढली, आणि १९३१ पासून हॅडन संडब्लॉम या चित्रकारानं कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी जो रंगवला तोच आज जगभर चालतो. लाल कपडे काही त्या कंपनीनं पहिल्यांदा घातले असं नाही, ते आधीही होते, पण चेहरा पक्का केला तो या चित्रांनी. संडब्लॉमचं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. आधी तो शेजारपाजारच्या एका निवृत्त विक्रेत्याला समोर बसवून चित्र काढायचा, तो वारल्यावर त्यानं आरशात बघून स्वतःचाच चेहरा वापरला. म्हणजे तुम्ही ज्याला सांताचा खरा रंग म्हणताय तो एका चित्रकाराच्या आरशातला रंग आहे. त्यानं आरशात बघून स्वतःसारखा काढला आणि कुणी त्याला अडवलं नाही. मग तुमच्या पोरानं आरशात बघून स्वतःसारखा केला तर कुणी अडवायचं कारण काय?

अमेरिकेत सुद्धा हा वाद झालाय. २०१३ साली तिथल्या एका टीव्ही चॅनेलवर निवेदिकेनं सांता गोराच आहे असं ठासून सांगितलं आणि देशभर चर्चा पेटली. २०१६ मध्ये मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकानं पहिल्यांदा काळा सांता बसवला, त्यावर लोक फार वाईट बोलले. पोरं मात्र रांगेत उभी राहून त्याच्या मांडीवर जाऊन बसत होती. लहान पोरांना दाढी आणि खाऊ दिसतो, रंग त्यांना मोठ्यांनी दाखवल्यावर दिसतो.

हे मी मिरजेत लहानपणीच बघितलंय. डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल काढलं, त्यामुळं मिरजेत ख्रिस्ती वस्ती जुनी, आणि तिथं सांताक्लॉज हा शब्द नंतर आला, आधीपासून नाताळबाबा. आमच्या गल्लीतला एक मित्र त्या वस्तीतला, त्याच्याबरोबर मी जायचो. तिथं एक म्हातारे वॉर्डबॉय नाताळबाबा व्हायचे. तव्यासारखा काळा माणूस, पान खाऊन लाल झालेले दात, लाल फ्लॅनेलचा झगा, कापसाची दाढी, पायात हॉस्पिटलच्या ड्यूटीचे कॅनव्हासचे बूट. खांद्यावर साखरेचं पोतं असायचं, त्यावर कारखान्याचा शिक्का तसाच दिसायचा, आणि त्यातनं चुरमुऱ्याचे लाडू, पेन्सिली काढून द्यायचे. हातात लाडू ठेवला की विचारायचे, "आईला त्रास दिलास का यंदा?" मी दिला होता, त्यामुळं लाडू घेताना हात कापायचा माझा. तो माणूस खरा नाताळबाबा नाही असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. घरी कॅलेंडरवर गोरा सांता बघितलेली पोरं होती त्यात, तरी नाही.

आणि हे परक्या देवाधर्माचं आपण आपल्या रंगात आणणं नवीन पण नाही. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक शेवटची काही वर्षं साताऱ्यात होते, त्यांनी ख्रिस्ताला अभंगात बसवून माउली म्हटलं. आंजेलो दा फोन्सेका नावाचे गोव्याचे चित्रकार पुण्याच्या आश्रमात राहून मेरीमाता साडीतली काढायचे, रंग आपल्या बायकांचा, गहू-सावळा. गोव्यात त्यांना त्रास झाला त्यापायी, लोकांना ती मेरी पटली नाही, पण आज ती चित्रं बघा, किती शांत वाटतं. म्हणजे हे काम आपल्या मातीत शंभर वर्षांपूर्वीपासून झालेलं आहे, तुम्ही काही जगावेगळं करत नाही.

आता हॉलंडचं. तुमच्या दुसऱ्या सहकाऱ्यांनी बातमी बरोबर वाचलीय पण ती तुमच्या पोराला लागू होत नाही, आणि का होत नाही ते समजून घ्यायला पाहिजे. तिथं नोव्हेंबरात सिंटरक्लास बोटीतून येतो, ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी वाटतात, आणि त्याच्याबरोबर एक नोकर असतो, झ्वार्ट पीट, म्हणजे काळा पीट. हा नोकर अशा रूपात पक्का झाला तो १८५० च्या एका बालपुस्तकामुळं, लिहिणारा आम्स्टरडॅमचा एक शाळामास्तर, यान स्खेंकमान. त्या काळात डच वसाहतींमध्ये गुलामगिरी चालू होती, सुरीनाममध्ये ती कायद्यानं बंद झाली १८६३ ला. पुढं हा पीट व्हायचा तर गोरी माणसं तोंडाला काळा रंग फासायची, ओठ जाडे लाल, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, कानात सोनेरी बाळ्या, आणि वागायचं वेड्यासारखं. कुणाची तरी अख्खी जात-जमात घेऊन तिचं सोंग करायचं आणि ते सोंग कायम नोकराचं आणि बावळटाचं. सुरीनाम, कुरासाओ अशा जुन्या डच वसाहतींमधून आलेल्या लोकांची पोरं त्याच वर्गात बसतात, त्यांना डिसेंबर आला की इतर पोरं पीट म्हणून चिडवायची. २०११ ला काही जणांनी याविरुद्ध टीशर्ट घालून उभं राहिल्यावर पोलिसांनी पकडलं, २०१५ ला संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं सांगितलं की हे बदला, आणि तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुटे आधी पीट काळाच असतो म्हणणारे, त्यांनी २०२० साली माझं मत बदललंय असं जाहीर सांगितलं. आता बऱ्याच ठिकाणी नुसते काजळीचे दोन-चार पट्टे ओढतात गालावर, धुराड्यातून आलाय म्हणून. टोप नाही, ओठ नाही. सण थांबला नाही, पोरांना भेटी मिळतातच.

म्हणजे तिथला दोष रंगवण्यात होता. तुमच्याकडं काळं पोर स्वतःच्या तोंडानं नाताळबाबा होणार, यात रंगवण्याचा प्रश्नच नाही, तर मग रद्द कशासाठी करायचं? रद्द केलं की पोराला एवढंच कळणार की माझ्यामुळं कार्यक्रम गेला.

पण हॉलंडचं वाचून मला जे सुचलं ते वेगळंच, आणि ते मला जास्त टोचतं. आपला काळा पीट कोण? आपला राक्षस.

मी अण्णांच्या हाताखाली शिकलो, त्यांना सगळे अण्णाच म्हणायचे. त्यांच्या पेटीत राक्षसासाठी वेगळा डबा होता, काजळी आणि गोडेतेल. देवाला सफेदा-पिवडी-हिंगूळ म्हणजे पांढरा-पिवळा-लाल, राक्षसाला काजळी, वर लाल ओठ, पांढरे सुळे, कुरळ्या जटांचा टोप. माझ्या हातानं मी शेकडो राक्षस काळे केले. सांगलीत वाढलेल्या माणसाला नाटकाचा अभिमान असतो, १८४३ साली ५ नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी इथं सीता स्वयंवर केलं, आपण दरवर्षी रंगभूमी दिन करतो. त्या नाटकातला नवरामुलगा राम, तो श्यामवर्ण, हे सगळ्यांना पाठ. आणि रावण पुलस्त्याचा नातू, वेद शिकलेला. मग आमच्या पेटीत राम गुलाबी आणि रावणाची माणसं काळी हे कुणी ठरवलं? पोथीनं तर नाही ठरवलं. आमचं आम्हीच ठरवलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच डबा पुढं दिला. कृष्णाच्या नाटकात कंस गोरा असो काळा असो, तो कृष्णाचा मामा आहे, एकाच घरातली माणसं, आणि मी एकाला गुलाबी आणि एकाला काळा करत होतो.

त्याहून वाईट म्हणजे निवड. गॅदरिंगला राक्षस कोण होतो ते एकदा नीट बघा. मी इतक्या शाळांच्या मेकअपरूममध्ये बसलोय, यादी हातात येते तेव्हा नावं न वाचता सांगू शकायचो. ऊसतोडीवाल्यांची, वीटभट्टीवरची, गावाबाहेरच्या वस्तीतली पोरं राक्षस, वानर, झाडं. राम-सीता-कृष्ण गावातली. कुणी मुद्दाम करत नसेल, बाई, मी कुणावर आरोप करत नाही, पण रंगाच्या आडून जात येते आपल्याकडं, हे मी डोळ्यानं बघितलंय आणि त्याला माझ्या हातानं काजळी लावलीय. ते पोर काय मनात घेऊन घरी जात असेल?

म्हणून २००४-०५ च्या सुमारास मी तो काजळीचा डबा बंद केला. आता राक्षसाला मी हिरवा, जांभळा, शेंदरी असे रंग वापरतो, जे कुणाच्याच कातडीचे नसतात, भुवया वर चढवतो, डोळ्याखाली रेघा ओढतो. राक्षस भयानक दिसतो, उलट जास्तच दिसतो. काही गावात कुरकुर झाली, मी सांगितलं काळा पाहिजे असेल तर दुसरा माणूस बघा. दोन-तीन कामं गेली, जाऊ दे.

कृष्णाचं पण विचारलंय तुम्ही, निळा लावला तर चालतो का. निळ्याचं माझं मत जरा वेगळं आहे. निळा हा कातडीचा रंग नाही हे सगळ्यांना दिसतं, तो ढगाचा रंग आहे, भक्तीचा रंग आहे. पालीचा खंडोबा भंडाऱ्यानं पिवळाधमक, वाडीचा जोतिबा गुलालानं न्हालेला, अथर्वशीर्षात गणपती लाल सांगितलाय, तसंच ते. गोऱ्या पोराला निळा आणि काळ्या पोराला निळा सारखाच दिसतो. म्हणून लावायचा तर सगळ्यांना तोच लावा. पण माझा सल्ला न लावण्याचाच, एक तर पोरांना खाज येते, दुसरं पिवळ्या लाइटखाली निळा रंग मरतो, मळकट दिसतो. सावळ्या पोराला नुसतं थोडं खोबरेल चोळा, कपाळाला टिळा, मोरपीस, बासरी. त्या तेलावर लाइट पडला की जे तेज येतं ते माझ्या कुठल्याच डब्यात नाही.

आणि "लोकांना पटणार नाही" ही भीती काढून टाका. नागठाण्यात जन्मलेल्या बालगंधर्वांनी शालू नेसून 'स्वयंवर' नाटकातली रुक्मिणी केली आणि अख्ख्या महाराष्ट्रानं ती रुक्मिणी मानली. १९१९ साली दादासाहेब फाळक्यांनी कालिया मर्दन सिनेमा काढला त्यात कृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी. बाप्या माणूस रुक्मिणी चालला, मुलगी कृष्ण चालली, आणि काळं पोर नाताळबाबा चालणार नाही? प्रेक्षक मानायला तयार होऊनच बसलेला असतो, आपण त्याला कमी समजतो.

आता कसं करायचं ते. बाजारातली नायलॉनची दाढी घेऊ नका, ती टोचते आणि पोर बोलायचं सोडून खाजवत बसतं. मलमलचा तुकडा हनुवटीच्या मापाचा कापा, त्यावर कापसाचे झुबके चिकटवा, कापूस कात्रीनं कापायचा नाही, हातानं ओढून तोडायचा, म्हणजे कडा मऊ राहतात. मिशी वेगळी करा, दाढीला जोडली की तोंड उघडत नाही आणि तुमच्या पोराचा खणखणीत आवाज आतच राहील. लहान पोराच्या तोंडाला स्पिरिट गम, म्हणजे दाढी-मिशी चिकटवायचा डिंक, अजिबात लावायचा नाही, काढताना कातडी ओरबाडते, दाढीला इलॅस्टिक शिवा आणि मिशीला बारीक दोरा, कानामागं जाईल असा.

आणि हे नीट वाचा, सगळे इथं चुकतात. पांढरीशुभ्र दाढी काळ्या तोंडाजवळ आली की मोबाईलचा कॅमेरा त्या पांढऱ्यावर जातो आणि तोंड अंधारात टाकतो. मग लोक म्हणतात बघा, काळ्या पोराला शोभलं नाही. दोष दाढीचा असतो. मलमल आणि कापूस चिकटवायच्या आधी बिनदुधाच्या फिक्या चहात बुडवून पिळून सावलीत वाळवा, कापूस वाळला की पुन्हा हातानं पिंजून घ्या. रंग सायीसारखा होतो, लांबून पांढराच दिसतो पण तोंड उठून येतं. समोरून थोडा पिवळसर लाइट, आणि तो फार उंचावरून नको, नाहीतर टोपीची सावली डोळ्यावर पडते. टोपी दोन बोटं मागं सरकवून आतून पिन लावा. गालाला गुलाबी नको, या रंगावर गुलाबी खडूसारखा दिसतो, आईची विटकरी किंवा मरून लिपस्टिक असेल तर बोटानं जरासं गालाच्या उंचवट्यावर आणि नाकाच्या शेंड्याला, थंडीतनं आल्यासारखं. भुवयांना पांढरा वॉटर कलर जुन्या टूथब्रशनं, आधी उलट्या दिशेनं मग सरळ. म्हातारपणाच्या रेघा त्याच्याच रंगापेक्षा गडद तपकिरी पेन्सिलीनं, कपाळावर दोन, डोळ्याच्या कोपऱ्याला तीन-तीन, बास. सुरुवातीला व्हॅसलिनचं बोट फिरवायला विसरू नका, उतरवायला सोपं जातं.

एक रिहर्सल पूर्ण वेशात घ्या आणि त्याला मोठा आरसा दाखवा, मेकअप झाल्यावर लगेच, तुम्ही शेजारी उभ्या राहून. तो आधी दाढी बघेल, मग स्वतःला शोधेल. त्याला वेळ द्या.

दाढीचं जमलं नाही तर सांगा. माझ्याकडं लहान मुलाच्या मापाची चहातली एक आहे, मागच्या वर्षी कवठेमहांकाळला दिली होती, धुऊन ठेवलीय. येत्या शनिवारी तासगावला गणपतीच्या देवळाकडं माझं काम आहे, सकाळी अकराच्या आत कुणाला तरी पाठवा.